आत्याची सून, आणि इतर टिपणे

भाऊबीजेला उदगीरला गेले. नांदेडहून मुखेडमार्गे एसटी, अर्ध्या तिकिटात. 2023 च्या मार्चमध्ये बायकांना ही सवलत मिळाली आणि माझं माहेर निम्म्या अंतरावर आलं. भावाची मुलगी बेंगळूरुहून आलेली होती. वय 28, संगणकातली नोकरी, आणि लग्नाचा विषय निघाला की नजर मोबाईलमध्ये. ओवाळून झालं, फराळ झाला, भाऊ दोनदा खाकरला आणि विषय न काढताच झोपायला गेला. मग ही लॅपटॉप घेऊन माझ्या गादीवर आली.

"आत्या, एक कन्नड पिक्चर बघ. लग्नाचाच आहे. पप्पांना सांगू नको."

कन्नड मला येतं ते शेजारच्या आजीच्या ओसरीवर कानावर पडलेलं. ऊट म्हणजे जेवण, बा म्हणजे ये, हुडुगी म्हणजे पोरगी, मदुवे म्हणजे लग्न. एवढ्या भांडवलावर कुठलाही विनोदी प्रेमपट निभतो.

*

'ओंदु मोट्टेय कथे', 2017. मोट्टे म्हणजे अंडं. इथे अंडं म्हणजे नायकाचं डोकं. राज बी. शेट्टी याचा हा पहिला चित्रपट; लिहिला त्यानेच, दिग्दर्शन त्याचं आणि टक्कलही त्याचंच. नायक मंगळूरुच्या कॉलेजात कन्नड शिकवतो, कन्नड नट डॉ. राजकुमारांचा निस्सीम भक्त आहे, आणि केस गेल्यामुळे त्याचं लग्न जमत नाही. दोनच वर्षांनी त्याचा हिंदीत 'उजडा चमन' झाला. भाची म्हणाली, तो बघू नको, त्यात टक्कल मेकअपचं आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. म्हणजे भाषा सोडली तर नायकाची आणि माझी नोकरी एकच, वर्गातली मागच्या बाकांवरची खसखसही एकच. कन्नडच्या मास्तराला मुलगी देताना लोक जी मान हलवतात ती मला भाषांतर न करता कळली.

यात एक जागा फार नेमकी आहे. केसांवरून नकार पचवत आलेला हा माणूस. त्याला शेवटी एक मुलगी भेटते, बोलणं जुळतं, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर ती जाड आहे म्हणून हाच मागे सरतो. भाचीने तिथे लॅपटॉप थांबवला. "बघितलंस? हे मी तीनदा भोगलंय. पोटं सुटलेल्यांनी माझ्याकडे जिमची चौकशी केलीय."

आम्ही दोघी हसलो. भिंतीपलीकडून भाऊ पुन्हा खाकरला.

*

कन्नडमध्ये म्हणतात 'हेण्णु नोडो शास्त्र'. मुलगी पाहण्याचा विधी. आपण नुसतं 'पाहायला येणार आहेत' म्हणतो. त्यांनी त्याला शास्त्राचा दर्जा देऊन टाकलाय. तिकडे उप्पिट्टू आणि केसरीभात, इकडे पोहे. रव्याऐवजी पोहे आले एवढाच सीमाप्रश्न.

*

मला 1994 च्या उन्हाळ्यात सात जणांनी पाहिलं. एकाने सुईत दोरा ओवायला लावला. एकाच्या मामाने चालून दाखवायला सांगितलं, अंगणातल्या तुळशीपर्यंत आणि परत. तिसऱ्याच्या वडिलांनी खिशातून दैनिक 'मराठवाडा' काढून अग्रलेख वाचायला दिला. तो मी इतक्या ठसक्यात वाचला की ते म्हणाले, पोरगी फार बोलते. स्थळ गेलं.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. भीती होती. पण 'भीती वाटते' असं मुलीने म्हणणं म्हणजे 'होकार आहे, लाजतेय' असा त्याचा अर्थ लावायची रीत होती.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' पाहिला तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. चित्रपट चंद्रपूरकडचा, बोली वऱ्हाडी, पण पाटावरची मुलगी आमच्याकडचीच. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, आपल्याकडे थिएटरात यायला 2025 चा मार्च उजाडला. सुरुवातीलाच मुलगी स्वप्न पाहते: मुलगा पाटावर बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत, नाव काय, उंची किती, शिक्षण किती. नांदेडात माझ्या शेजारी बसलेला एक गृहस्थ त्या प्रसंगाला सगळ्यात जोरात हसला. नंतर तोच प्रसंग खऱ्या क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहिला आणि तो मध्यंतरात पॉपकॉर्न आणायला गेला तो उशिरा परतला.

*

पुतण्या औसा तालुक्यातला. 33 वर्षं, कोरडवाहू अकरा एकर, दोन म्हशी, कृषी पदविका. माणूस हिऱ्यासारखा. चार वर्षं मुली पाहतोय.

"काकू, मी पाहायला जातो असं नुसतं म्हणायचं. पोरीच माझी परीक्षा घेऊलाल्यात."

एकीने विचारलं, लातूरला फ्लॅट आहे का. दुसरीने विचारलं, शेती किती, आणि लगेच, शेतात मला जावं लागेल का. तिसरी काही बोलली नाही, फक्त घरातल्या माठाकडे पाहून विचारलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. याने खरं सांगितलं. दहा दिवसांनी. ते स्थळ तिथेच संपलं.

मी त्या मुलीला दोष देत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल. घागर डोक्यावर घेऊन टँकरमागे धावणारी आई जिने पाहिली, ती मुलाच्या पगाराआधी पाण्याची चौकशी करणारच.

*

सोयाबीन विकलं की लग्न. 2024-25 ला हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि लातूरच्या बाजारात बहुतेक दिवस त्याच्या बराच खाली. त्या वर्षी आमच्या ओळखीत तीन तारखा पुढे गेल्या. पत्रिकेत त्याला 'अपरिहार्य कारणास्तव' म्हणतात.

*

डिसेंबर 2022, सोलापूर. मुंडावळ्या बांधलेले नवरदेव घोड्यावर बसून, पुढे बँडबाजा लावून, थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर. मागणी एकच: आम्हाला मुली मिळत नाहीत, सरकारने काहीतरी करावं. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक पाळा, हे त्यांच्या निवेदनाचं मूळ. वरवर तमाशा, पण निदान बरोबर होतं. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. त्यातली मुलं आता लग्नाच्या वयाकडे निघालीत. उरलेल्या 193 जणांनी घोड्यावर बसायचं नाही तर काय करायचं?

आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात लग्न न जमलेल्या शेतकरी पोरांनी मले महादेश्वराच्या डोंगराकडे पदयात्रा काढली. देवा, बायको दे. इकडे कलेक्टर, तिकडे महादेश्वर. दोघांपैकी कोण लवकर सुनावणी घेतो ते माहीत नाही, पण अर्जाचा मजकूर एकच.

पुतण्याला ही बातमी दाखवली. तो म्हणाला, "घोड्याचं भाडं कुणी दिलं?"

त्याच्यासाठी म्हणून आम्ही 'नवरदेव बीएस्सी ॲग्री' पाहायला गेलो होतो, 2024 च्या जानेवारीत. क्षितीश दाते शेती शिकलेला मुलगा आणि त्याला कुणी मुलगी देत नाही. पुतण्या हसला नाही. बाहेर पडल्यावर म्हणाला, "याची बागायत होती काकू."

*

विनोदाची एक जुनी सोय आहे: लग्नाला भिणारा पुरुष. मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी', 1938, लेखक आचार्य अत्रे. औदुंबर नावाचा साधा मुलगा ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, आश्रमात जातो, आणि मग मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी पोहण्याच्या पोशाखात समोर येते. तेवढ्यावर व्रत गेलं आणि महाराष्ट्राची झोपही. दोन वर्षांनी त्याच विनायकांनी 'लग्न पहावं करून' केला, चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना घेऊन. तिथेही पुरुषांची धावपळ.

मुलीच्या भीतीवर मात्र आपण फार काळ रडतच आलो. देवलांचं 'शारदा' नाटक 1899 चं. पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा. त्यात विनोदही आहे, पण तो भुजंगनाथाचा, भद्रेश्वर दीक्षिताचा. शारदेच्या वाट्याला आले ते अश्रू. भिणारी मुलगी विनोदाची नायिका व्हायला तिच्याजवळ आधी 'नाही' म्हणायची सोय हवी. जिला पळायला जागा आहे तिच्याच घाबरण्यावर आपण मोकळेपणी हसू शकतो.

म्हणून मला 'मुंबई-पुणे-मुंबई 2' महत्त्वाचा वाटतो, चित्रपट म्हणून पहिल्याइतका नसला तरी. 2015. साखरपुडा झाल्यावर मुक्ता बर्वेच्या गौरीचे पाय लटपटतात. घरचे चांगले, मुलगा चांगला, कुणाची जबरदस्ती नाही. तरी नको वाटतं. आणि तिला कुणी विहिरीत ढकलत नाही, खोलीत कोंडत नाही. सगळे वाट पाहतात. ही चैन आहे. मुलगी दोन-चार दिवस गोंधळलेली राहू शकते आणि तेवढ्या वेळात पाहुणे जेवत राहतात, ही आपल्या पडद्यावर नवी गोष्ट होती.

*

आणि ही चैन सगळीकडे पोचलेली नाही, हे लिहून ठेवते, कारण वरचं टिपण वाचून माझं मलाच फार छान वाटायला लागलं होतं.

2017 च्या एप्रिलमध्ये लातूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या मुलीने चिठ्ठी लिहून विहीर जवळ केली. हुंड्यासाठी बापाला कर्ज मिळत नव्हतं. तिला लग्नाची भीती नव्हती, बापाच्या हिशेबाची होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21: महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या. मराठवाड्यातले काही जिल्हे याच्या खूप वर. आमच्या कॉलेजात अकरावीला दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात. हजेरी घेताना मी ती नावं अजून एक आठवडा पुकारते.

*

'नांदणे' या क्रियापदाबद्दल.

नांदेडात राहून या शब्दाकडे मी इतकी वर्षं कसं पाहिलं नाही? शहराचं जुनं नाव नंदीतट, त्याचा या नांदण्याशी संबंध नाही. पण बाहेरगावची पोरं गंमत करतात, नांदेडला नांदायला जाणार का.

नांदणे म्हणजे सुखाने राहणे. राज्यात शांतता नांदते, घरात लक्ष्मी नांदते, आणि मुलगी सासरी नांदते. पुरुष कुठेच नांदत नाही. तो राहतो. 'मुलगा नांदायला आला' असं वाक्य म्हणून पाहा, लगेच घरजावई समोर येतो, आणि त्यालाही लोक 'पडून असतो' असंच म्हणतात.

कोर्टातही हाच शब्द. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम वकिलाच्या तोंडी 'नांदायला येण्याचा दावा' असतं. अशाच दाव्याने मराठी मुलखातली सगळ्यात गाजलेली 'न नांदणारी' घडवली: रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, पण सासरी गेलीच नाही, आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाचत राहिली. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायमूर्तींनी 1885 ला तिच्या बाजूने निकाल दिला. 1887 ला दुसऱ्यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती लंडनला गेली, 1894 ला डॉक्टर झाली, आणि पुढे सुरतेला, राजकोटला नोकरी केली.

भाचीला ही गोष्ट सांगितली. तिने लॅपटॉपवर दोन हजार रुपयांची आजची किंमत काढायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "बेंगळूरुत लग्नाचा हॉल एका दिवसाला याच्याहून महाग पडत असेल."

*

तिची भीती नेमकी कशाची, हे मी विचारलंच. आत्याने विचारलं तर चालतं.

मुलाची नाही म्हणाली. पोरं बरी असतात, ऑफिसात पंधरा पाहते. सासूचीही नाही. "मला भीती वाटते ती सकाळची. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी सकाळी कुणीतरी माझ्याकडे बघेल, आणि मला कळेल की आता उठायला पाहिजे. कुणी म्हणणार नाही उठ म्हणून. नुसतं बघतील."

मी काही बोलले नाही. 1995 च्या मे महिन्यात नांदेडच्या घरी पहाटे साडेपाचला सासूबाईंनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. नुसतं पाहिलं.

*

आता मुख्य गोष्ट. ही भाची जन्मली तेव्हा बारशालाच ठरलं होतं: आत्याची सून.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. म्हणजे माझ्या भावाची मुलगी माझ्या मुलाला. मुलगी आत्याच्या घरी जाते, परक्याच्या नाही. म्हणून आमच्याकडच्या जुन्या सुना सासूला 'आत्याबाई' म्हणतात आणि सासऱ्याला 'मामंजी', मग नातं असो वा नसो. कन्नडमध्येही 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासू दोन्ही, 'मावा' म्हणजे मामा आणि सासरा दोन्ही. तिथे तर वेगळा शब्दच लागला नाही.

इरावती कर्व्यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा मानलंय. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी द्यायची. दक्षिणेत नात्यात, ओळखीत. आपण मधे, मामेबहीण चालते पण आतेबहीण नको, असे एका बाजूने उघडणारे दार ठेवून बसलेलो. 1955 च्या कायद्याने भावाबहिणींच्या मुलांचं लग्न मनाईच्या नात्यांत टाकलं, आणि लगेच पुढे म्हटलं, रूढी असेल तर चालेल. कायदा करणाऱ्यांना उदगीर माहीत असावं.

मला कर्व्यांच्या मांडणीत आईवडिलांची एक धूर्त माया दिसते. मुलीला अनोळखी घराची भीती वाटते ना, मग घरच अनोळखी ठेवू नका. सकाळी तुझ्याकडे नुसतं पाहणारी बाई तुझी आत्याच असेल.

पण भाची बारावीला लातूरला होती. लातूर पॅटर्न, सकाळी सहापासून शिकवणी, जीवशास्त्रही घेतलेलं. एका सुट्टीत आली आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर चार घरांचा चौकोन काढून तिने मला अप्रभावी जनुकं शिकवली. मोठे ए, छोटे ए. जवळच्या नात्यात दोन छोटे ए एकत्र यायची शक्यता कशी वाढते. "म्हणून आत्या, मी तुझी सून होणार नाही. कारण शास्त्रीय आहे, राग मानू नको."

मी चौकोनाकडे पाहत होते. पत्रिकेची पुढची बाजू पालथी घातल्यावर दिसली: चि. आणि चि. सौ. कां., दोघेही मामे-आते.

माझा मुलगा पुण्यात असतो. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी केव्हाच नाही म्हणालो होतो, पण मला कुणी विचारलं नव्हतं." त्याच्या आवाजात सुटका होती. माझ्या मनात, खरं सांगायचं तर, थोडंसं दुखलं. ती पहाटे साडेपाचला उठली नसती तरी मी तिच्याकडे पाहिलं नसतं.

(पाहिलं असतं.)

*

माळेगावची यात्रा. लोहा तालुका, मार्गशीर्षात. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या, लावणी. भटक्या जमातींच्या सोयरिकी तिथे पिढ्यान् पिढ्या जमत आल्या. देवच तसा आहे. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. लोककथेत देव सारीपाटात म्हाळसेशी हरतो आणि बारा वर्षांच्या वनवासावर निघतो. बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला राहतो, आणि मग तिला घेऊन परततो. पुढची सगळी गाणी सवतींच्या भांडणाची.

कर्नाटकात हाच देव मैलार. बिदर जिल्ह्यात त्याचं ठाणं आहे, आमच्याकडच्या घरांतून लोक तिकडे जातात.

कुणी कन्नड दिग्दर्शकाने यावर विनोदी प्रेमपट केला पाहिजे. पैजेत हरलेला नवरा, सासुरवाडीत चाकरी, दोन घरं, दोन भाषा. मराठीत केला तर लगेच कुणाच्या तरी भावना दुखावतील.

*

उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. माझ्या आजीचं लग्न त्यामुळे 'जिल्ह्यातल्या जिल्ह्यात' भालकीकडे झालं. भाषावार रचना झाली आणि तिचं सासर परराज्यात गेलं. ती कुठेही गेली नव्हती.

त्याही आधीचं पाहायचं तर राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. त्यांच्यातल्या अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात 'कविराजमार्ग' लिहिला गेला, कन्नडमधला हाती आलेला सगळ्यात जुना ग्रंथ. त्यात कन्नड मुलखाची हद्द सांगितलीय: कावेरीपासून गोदावरीपर्यंत. म्हणजे माझ्या घराच्या गच्चीवरून दिसणारी नदी ही त्या भाषेची शेवटची वेस. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख रित्ती आणि शेळके यांनी 1968 मध्ये छापले, त्यात कन्नडच जागोजाग. देगलूरजवळ होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांत फिरताना दगडावरची अक्षरं वाचता येत नाहीत याची मला दरवेळी लाज वाटते.

मराठी नाटकाचीही सुरुवात तिकडूनच. कर्नाटकातली भागवत मंडळी 1842 च्या सुमारास सांगलीत खेळ करून गेली, ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं. 1843 ला पहिला खेळ झाला. विषय काय? सीतास्वयंवर. पहिल्याच फटक्यात लग्न, आणि तेही मुलीने निवडायचं. निदान रंगमंचावर.

*

उलट वाहतूक: 'सैराट'चा 2017 मध्ये कन्नडात 'मनसु मल्लिगे' झाला, एस. नारायण यांचा, आणि आर्ची तिथेही रिंकू राजगुरूच. भाची म्हणाली, बेंगळूरुच्या मैत्रिणींना तिने शेवट आधी सांगितला नाही. "मी एकटीने काय म्हणून रडायचं?"

*

मुलींच्या अटींवर आमच्या स्टाफरूममध्ये रोज हसतात. शेती हवी पण शेतकरी नको. सासू हवी पण फोटोत. पुण्यात फ्लॅट, गावात वाडा. सहकाऱ्यांपैकी एक जण तर भिंतीवर यादी लावतो.

मी एकदा त्यांना मुलांकडच्या बायोडाट्यातल्या 'अपेक्षा' या रकान्याची बेरीज करून दाखवली. गोरी, सडपातळ, पदवीधर, नोकरी असलेली, नोकरी सोडायची तयारी असलेली, घरकामात निपुण, मनमिळाऊ, उंची पाच-तीनच्या पुढे पण मुलापेक्षा कमी. पन्नास वर्षं हा रकाना छापला जातोय. त्यावर हसलेलं मी कुणाला ऐकलं नाही. यादी दुसऱ्या बाजूने आली तेव्हाच ती विनोदी झाली.

*

पुतण्याची बातमी. कंधारकडचं एक स्थळ. मुलगी डीएड, नोकरी नाही, पण स्वतःच्या शिकवण्या घेते. पाहायला गेले तर तिने पोह्यांबरोबर एक प्रश्न ठेवला: लग्नानंतर शिकवण्या सुरू ठेवल्या तर कुठली खोली देणार?

या गड्याला उत्तर सुचेना. मग म्हणाला, "म्हशींचं शेड पलीकडे हलवतो. ती खोली रोडला आहे."

तिने होकार कळवला नाही, नकारही कळवला नाही. आठवडा झाला. म्हशी मात्र त्याने हलवल्या.

*

भाची परत निघाली. उदगीर स्टेशनावर भाऊ, वहिनी, मी. वहिनीने धपाट्यांचा डबा केलेला, वर शेंगदाण्याची चटणी. भावाने शेवटच्या क्षणी, गाडी आत शिरताना, डबा तिच्या हातातून घेतला, नीट बांधायच्या निमित्ताने एक घडी केलेला कागद आत सरकवला आणि परत दिला. मी पाहिलं. तिने पाहिलं. त्याला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

"जपून जा," तो म्हणाला. एवढंच.

तासाभराने मोबाईलवर तिचा निरोप आला.

"बिदर आलं. धपाटे संपले. पप्पांचा कागद तेलकट झालाय, नाव-गाव सगळं पुसलं. उंची तेवढी वाचता येतेय. पाच फूट सात."

मग आणखी एक.

"बरी आहे ना उंची?"